'कच्चे' आणि 'पक्के' : घरकुलाच्या परिभाषेची चिकित्सा

शासकीय मराठीवर टीका करणे हा आपल्याकडील भाषाभ्यासकांचा जुना उद्योग आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम संमत झाला, आणि तेव्हापासून ह्या विषयाची चर्चा प्रायः एकाच अंगाने होत आली आहे : परिभाषा संस्कृतप्रचुर आहे, वाक्ये लांबलचक आहेत, सामान्य माणसाला त्यांचा अर्थबोध होत नाही. ह्या टीकेत तथ्य नाही असे नाही. परंतु दुर्बोध शब्दाची एक सोय असते. तो आपल्याला कळला नाही एवढे तरी ऐकणाऱ्याला कळते, आणि तो कोणास तरी विचारतो. जो शब्द बोलणारा व ऐकणारा ह्या दोघांनाही परिचित आहे, परंतु ज्याचा अर्थ दोघे निरनिराळा घेतात, त्याबद्दल विचारणा होत नाही. प्रस्तुत लेखात अशाच काही शब्दांचा विचार करावयाचा आहे. हे शब्द अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी सार्वजनिक पैशातून बांधल्या जाणाऱ्या घरांविषयीचे आहेत, आणि परीक्षणासाठी घेतलेला प्रदेश परभणी जिल्हा हा आहे.

घराला पैसा किती व कोठून मिळतो, हा प्रश्न अर्थशास्त्र्यांचा. त्यात भाषाभ्यासकाने का पडावे, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर असे की, दिल्लीहून किंवा मुंबईहून निघालेला पैसा पाथरी किंवा पालम तालुक्यातील एखाद्या कुटुंबापर्यंत पोहोचतो तो यादीच्या मार्गाने. यादी तयार होते ती पाहणीवरून. आणि पाहणी म्हणजे डोळ्यांनी दिसलेल्या घराला एक नाव देणे. हे नाव चुकले तर पुढचे सर्व गणित बरोबर असूनही पैसा त्या घरी जात नाही. नाव देण्याची ही क्रिया सर्वस्वी भाषिक आहे.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला तरी पुरेल. अल्प उत्पन्न गटासाठी गृहनिर्माणाची योजना केंद्राने १९५४ साली आणली आणि खेड्यांसाठीची १९५७ साली. तेव्हा परभणी जिल्हा प्रथम हैदराबाद राज्यात व नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात होता. खऱ्या अर्थाने ग्रामीण घरबांधणीला मोठा निधी मिळू लागला तो १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेपासून. ही योजना आरंभी स्वतंत्र नव्हती, ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रमाची ती एक शाखा होती; १ जानेवारी १९९६ रोजी ती स्वतंत्र झाली. २०१६ साली तिची पुनर्रचना होऊन प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अस्तित्वात आली. तिच्यात सर्वसाधारण भागातील घरास १ लाख २० हजार व डोंगराळ, दुर्गम भागातील घरास १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरले, खर्चाची वाटणी केंद्र व राज्य यांत ६० : ४० अशी झाली, आणि घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरण्यात आले. नागरी भागासाठीची योजना त्याआधी, २५ जून २०१५ रोजी, सुरू झाली होती. शिवाय राज्याच्या स्वतःच्या रमाई, शबरी, पारधी, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि २०२३ पासूनची मोदी आवास अशा योजना आहेत. प्रत्येक योजना एकेका सामाजिक प्रवर्गासाठी आहे. त्यामुळे खेड्यात कोणी 'रमाईचं घर' म्हटले की घराबरोबर घरमालकाचा प्रवर्गही सांगितला जातो. विशेषनामाने वर्गनामाचे काम करावे ही स्थिती कोशकाराच्या दृष्टीने रंजक असली, तरी त्या घरात राहणाराला ती किती रुचत असेल ह्याविषयी शंका आहे.

आता मूळ शब्दांकडे वळू. २०१६ च्या आराखड्याप्रमाणे साहाय्यास योग्य कुटुंबे म्हणजे बेघर कुटुंबे, तसेच शून्य, एक किंवा दोन खोल्यांच्या, कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेल्या घरांत राहणारी कुटुंबे. ('शून्य खोल्यांचे घर' ही शब्दसंहती मराठी कानाला चमत्कारिक वाटते, तूर्त ती बाजूस ठेवू.) ही निवड २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणाच्या आधारे करण्यात आली. तेव्हा सारा भार येऊन पडतो तो 'कच्चे' ह्या एका विशेषणावर.

'कच्चा' व 'पक्का' हे शब्द मराठीत परके नाहीत. कच्चा आंबा, कच्ची पावती, कच्चा माल, अभ्यासात कच्चा. त्याउलट पक्का रंग, पक्की पावती, पक्का निश्चय. मुलांच्या खेळात 'कच्चा लिंबू' असतो. तो खेळतो, पण त्याचा डाव धरला जात नाही. ह्या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे : कच्चेपणा ही अवस्था आहे, कालांतराने पालटणारी. कच्चे पिकते, कच्ची नोंद पक्की होते. वस्तू कशाची बनली आहे हे ह्या शब्दांनी सांगितले जात नाही. ती पूर्णत्वास गेली की नाही ह्याविषयीचे मत त्यांतून व्यक्त होते. व्याकरणाच्या भाषेत ही गुणदर्शक व मूल्यदर्शक विशेषणे आहेत.

घराचे वर्णन करताना ग्रामीण मराठी मात्र बहुधा विशेषणाचा आश्रय घेत नाही, ती षष्ठीचा आश्रय घेते. परभणी जिल्ह्यात घर माळवदाचे असते, पत्र्याचे असते, कुडाचे असते, दगडमातीचे असते, विटांचे असते, आणि अलीकडे स्लॅबचे असते. 'चे' ह्या प्रत्ययाने घराचे द्रव्य सांगितले जाते, आणि द्रव्याबरोबर त्याची बांधणी, त्याचे वय, त्याची डागडुजी कोणत्या महिन्यात करावी लागते, हे सर्व सूचित होते. 'कुडाचे घर' म्हटल्याबरोबर तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या करून त्यांवर शेणमातीचा लेप दिलेली भिंत डोळ्यांपुढे येते. 'माळवदाचे घर' म्हटले की तुळया, त्यांवर किलचण, तिच्यावर पाला व चिखल, आणि सर्वांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ह्या थरावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती घालून तो चोपावा लागतो. एखाद्या वर्षी हे राहून गेले की पुढच्या आषाढात घर गळू लागते.

पाहणी करणाराचे काम म्हणजे ह्या षष्ठीचे त्या विशेषणात भाषांतर करणे. आणि ह्याच भाषांतरात अर्थ निसटतो. गोदाकाठच्या एका खेड्यात एका वृद्ध बाईंना घर कशाचे आहे असे विचारले असता त्यांनी दिलेले उत्तर प्रस्तुत लेखकाने टिपून ठेवले आहे : "घर माळवदाचंच हाय, वरून निस्ते पत्रे टाकलेत." ह्या वाक्यातील प्रत्येक शब्द आपल्या जागी नेमका आहे. घराची षष्ठी अजून माळवदाकडेच आहे, आणि 'च' हा निपात लावून ती पक्की केली आहे. पत्र्यांना षष्ठी दिलेली नाही. ते 'टाकलेले' आहेत, म्हणजे घराच्या द्रव्यात त्यांची गणना नाही. 'निस्ते' ह्या शब्दाने त्यांची किंमत सांगितली आहे. माळवद गळते, तुळईला वाळवी लागली आहे, नवी तुळई घेण्याची ऐपत नाही, म्हणून झाकणासाठी पत्रे. बोलणारीच्या मनात पत्रा हे घर मोडकळीस आल्याचे चिन्ह आहे.

सरकारी वर्गीकरणात पत्रा हे ह्याच्या नेमके विरुद्ध चिन्ह आहे. जनगणनेच्या व्याख्येत लोखंडी व सिमेंटचे पत्रे ही टिकाऊ छपराची सामग्री मानली जाते, यंत्रावर तयार झालेली कौले, दगड, विटा आणि काँक्रीट ह्यांच्या पंक्तीत. आणि २०११ च्या सर्वेक्षणाचे वळणही हेच होते. म्हणजे बाईंनी दारिद्र्याचा पुरावा म्हणून जो पत्रा दाखविला, तो कागदावर सुस्थितीचा पुरावा होऊन बसला.

तरीही भिंती मातीच्याच राहिल्या ना, असे कोणी म्हणेल. येथे आराखड्यातील दुसरा शब्द आडवा येतो, आणि तो विशेषण नव्हे, अव्यय आहे. 'कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर.' 'आणि' हे समुच्चयबोधक उभयान्वयी अव्यय दोन्ही अटी एकसमयावच्छेदे पुऱ्या होण्याची मागणी करते. मातीची भिंत व पत्र्याचे छप्पर असलेले घर ह्या वाक्यरचनेत बसत नाही. 'आणि'च्या जागी 'किंवा' असते, तर ते बसले असते. शालेय व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचा पाठ आपण विद्यार्थ्यांना दोन तासिकांत उरकून देतो. त्या पाठातील एका शब्दाने लाख-सव्वा लाखाचे साहाय्य मिळते वा हुकते, हे त्यांना सांगितले तर कदाचित ते अधिक लक्ष देतील.

ह्या 'टिकाऊ' छपराची वस्तुस्थिती काय आहे हे एका प्रसंगाने उघड झाले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली, नांदेड व परभणी ह्या भागांत भूकंपाचे धक्के बसले. त्यानंतर प्रशासनाने जे आवाहन केले त्यात असे सांगितले होते की, पत्र्यांच्या घरांवर आधारासाठी ठेवलेले दगड लोकांनी काढून घ्यावेत. वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. गरिबाच्या छपराला खिळे व कैची परवडत नाही, दगड फुकट मिळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचे ओझे ह्यांखाली हजारो माणसे गाडली गेली, हे मराठवाड्यातील जुनी माणसे विसरलेली नाहीत. माळवदाला भिऊन पत्रा टाकावा, तर पत्र्यावरच्या दगडाचे भय. असे छप्पर ज्या कोष्टकात काँक्रीटच्या शेजारी बसते, ते कोष्टक करणाऱ्याने छप्पर खालून पाहिले नसावे.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. देशव्यापी पाहणीला एकसारखे वर्गीकरण लागते. आसामातील बांबूचे घर, राजस्थानातील दगडाचे घर व कोकणातील कौलारू घर एका तक्त्यात आणावयाचे तर तपशिलाचा बळी द्यावाच लागतो. शिवाय वर्गीकरण स्थानिक शब्दांवर सोडले तर प्रत्येक गावचा प्रभावशाली मनुष्य आपल्या माडीला कुडाची खोली म्हणवून घेईल, ही भीती निराधार नाही. 'घरकुल' ह्या गोड शब्दामागे वर्तमानपत्रांत 'घोटाळा' हा शब्द किती सहज येतो हे सर्वांच्या परिचयाचे आहे; जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराबद्दल धुळ्याच्या विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्षा सुनावल्या. तेव्हा अधिकाऱ्याने शब्दाला घट्ट धरून बसावे ह्यात केवळ आडमुठेपणा नाही. परंतु एकसारखेपणा आणि ढोबळपणा ह्या भिन्न गोष्टी आहेत. जनगणनेच्या वर्गीकरणातच टिकाऊ, अर्धटिकाऊ व तात्पुरते असे तीन वर्ग आहेत. भिंत एका प्रकारची व छप्पर दुसऱ्या प्रकारचे असलेले घर मधल्या वर्गात जाते. योजनेच्या भाषेत हा मधला वर्ग लुप्त झाला. तीनाचे दोन करण्याची ही क्रिया शास्त्रीय गरजेतून झालेली दिसत नाही. निधी मर्यादित असताना रांग आखूड करण्याचा तो एक उपाय असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खोल्यांच्या मोजणीविषयीही असेच म्हणता येईल. आपल्या जुन्या घराचे माप खोली नव्हे, खण हे आहे. दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण. घर चार खणांचे, सहा खणांचे असे बोलले जाते, आणि भावाभावांत वाटणी होते तीही खणांची. चार खणांच्या सलग घरात एकही आडभिंत नसेल तर ते एका खोलीचे. मधे ज्वारीच्या कणग्या मांडून आडोसा केला तर ते पाहणी करणाऱ्याच्या मर्जीनुसार दोन किंवा तीन खोल्यांचे. दोन खोल्यांच्या पुढे गेले की घर यादीबाहेर. 'कुटुंब' हा शब्दही असाच घसरता आहे. बोलीत वेगळे होण्याची खूण वेगळी चूल ही आहे. एका वाड्यात तीन चुली असू शकतात. कागदावर मात्र वाड्याचा उतारा एकाच्या, बहुधा दिवंगत वडिलांच्या, नावे असतो. ज्याच्या वाट्याला दोन खण आणि एक चूल आली तो बेघर नाही, कारण तो घरात राहतो. आणि तो घरमालकही नाही, कारण नमुना आठवर त्याचे नाव नाही. ह्या अवस्थेला सरकारी मराठीत नाव नाही.

साहाय्याच्या रकमेचा प्रश्नही शब्दांशी जोडलेला आहे, आणि येथे परभणीच्या मातीचा विचार करणे अगत्याचे आहे. 'सर्वसाधारण' व 'डोंगराळ' असे भूमीचे दोन वर्ग करून १ लाख २० हजार व १ लाख ३० हजार अशा दोन रकमा ठरल्या. जिंतूरकडील काही टेकड्यांचा भाग सोडल्यास परभणी जिल्हा अर्थातच 'सर्वसाधारण' म्हणावा असा. परंतु मराठीने फार पूर्वीच भूमीचे निराळे दोन वर्ग केले आहेत : 'काळी' व 'पांढरी'. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हे केवळ रंगाचे वर्णन नव्हे. पांढरी ही घट्ट, पाया धरणारी. काळी पावसाळ्यात फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी. गोदावरी, दुधना व पूर्णा ह्यांच्या खोऱ्यांतील ही खोल काळी जमीन कापसाला जितकी उपकारक तितकीच भिंतीला अपकारक आहे. तिच्यावर घर बांधावयाचे तर मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागतो, नाहीतर दोन-तीन वर्षांत भिंतींना तडे जातात. पूर्वजांनी पांढरीवर गाव वसविले. आज पांढरी भरून गेली आहे, आणि नवी घरकुले मिळतील त्या जागेवर, पुष्कळदा गावाबाहेरच्या काळीवर, उभी राहतात. म्हणजे ज्या कुटुंबाला गावठाणात जागा नाही, जे सर्वांत गरीब आहे, त्याचाच पाया सर्वांत महाग पडतो. त्याचा साहाय्याचा आकडा मात्र तोच.

२०१६ चा हा आकडा ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आणखी २ कोटी घरांसाठी योजना २०२८-२९ पर्यंत वाढविली तेव्हाही तसाच ठेवण्यात आला. राज्याने २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्यातील घरांस ५० हजारांची भर घातली. त्यांतील ३५ हजार घरासाठी व १५ हजार छपरावरील सौर यंत्रणेसाठी. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचे धोरणही आहे. ह्या भरीचे स्वागतच करावयास हवे. परंतु हप्ते बांधकामाच्या टप्प्यांशी बांधलेले असतात. जोते झाल्याचे छायाचित्र गेल्यावर पुढचा हप्ता. 'हप्ता' हा शब्द फारसीतील आठवड्याच्या नावावरून आला आहे, आणि मुळात त्यात नियतकालिकत्व अभिप्रेत आहे. घरकुलाच्या हप्त्याला काळाचे बंधन नाही, ते आहे ते फक्त बांधणाऱ्यावर. जोत्यापर्यंतचा पैसा त्याने आधी उभा करावयाचा. तो तो उसनवारीने किंवा ऊसतोडीची उचल घेऊन उभा करतो.

ह्या योजनांच्या घोषवाक्यांत 'परवडणारी घरे' ही शब्दसंहती वारंवार येते. मराठीत 'परवडणे' ह्या क्रियापदाला चतुर्थीचा अनुभवकर्ता लागतो. 'मला परवडते', 'त्याला परवडत नाही'. धातुसाधित विशेषण केले की हा अनुभवकर्ता लोपतो. 'परवडणारे घर' म्हटल्यावर 'कोणाला?' हा प्रश्न व्याकरणाने पुसून टाकलेला असतो. नागरी योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. परभणी शहरात हमाली करणाऱ्याचे व पतसंस्थेत लेखनिक असलेल्याचे उत्पन्न, दोन्ही, ह्या मर्यादेत बसू शकतात. एकच घर दोघांनाही परवडेल असे कोणी म्हणणार नाही.

आता 'लाभार्थी'. विद्यार्थी म्हणजे विद्या इच्छिणारा, मोक्षार्थी म्हणजे मोक्ष इच्छिणारा. त्याच न्यायाने लाभार्थी म्हणजे लाभ इच्छिणारा. लाभ मिळाला की तो, व्युत्पत्तीप्रमाणे पाहता, लाभार्थी राहत नाही. शासकीय प्रयोगात मात्र ज्याला मिळाले त्यालाच हा शब्द लावतात, आणि जो वर्षानुवर्षे इच्छितच राहिला आहे त्याला 'अपात्र' किंवा 'प्रतीक्षा यादीतील' म्हणतात. ह्याला पांडित्याची कुरकुर समजले जाण्याचा संभव आहे. म्हणून एक तुलना करतो. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, अमलात आला तो १९७९ मध्ये. त्याचे ब्रीद 'मागेल त्याला काम' असे होते. ह्या तीन शब्दांत मजूर हा कर्ता आहे, आणि क्रियापद 'मागणे' हे आहे. मागणी हा त्याचा अधिकार आणि काम देणे हे शासनाचे कर्तव्य, हा संबंध वाक्यरचनेतच आला आहे. घरकुलाच्या कागदपत्रांतील वाक्ये ह्याउलट कर्मणी आहेत : 'लाभार्थ्याची निवड करण्यात येईल', 'अनुदान वितरित करण्यात येईल'. निवडणारा अध्याहृत, निवडला जाणारा निष्क्रिय. निवारा हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य ह्या प्रकरणात (१९९५) म्हटले. तीस वर्षे होऊनही त्या निर्णयाची छाया योजनेच्या क्रियापदांवर पडलेली नाही.

लोकांच्या बोलण्यातही हाच प्रयोग रुजला आहे. 'घरकुल मागितलं' असे ऐकू येत नाही. 'घरकुल आलं' असे ऐकू येते, जसा पाऊस येतो तसे. 'यादीत नाव आलं', 'नाव आलंच नाही'. २०१६ नंतर ग्रामसभेपुढे याद्या ठेवल्या गेल्या खऱ्या, परंतु त्या सभेला नाव वगळण्याची शिफारस करता येत होती. सुटलेले नाव तेथल्या तेथे घालता येत नव्हते. त्यासाठी २०१८-१९ मध्ये 'आवास प्लस' नावाची दुसरी नोंदणी करावी लागली.

अपात्रतेच्या निकषांचा उल्लेख ओझरताच करतो. मूळ १३ निकषांत फ्रीज, तारेचा दूरध्वनी, मासेमारीची यांत्रिक होडी व दुचाकी हे होते. मोबाइल सर्वत्र झाल्यावरही तारेचा दूरध्वनी सुबत्तेचे लक्षण म्हणून कागदावर टिकून होता. २०२४ मध्ये निकष १० वर आणले गेले, दुचाकीची अट गेली, आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली. निकष बदलता येतात, शब्द वगळता येतात, ह्याचा हा चांगला दाखला आहे.

राहता राहिली जागा. घरासाठी निधी मिळण्याची पहिली अट म्हणजे पायाखालची जमीन स्वतःची असणे. मराठवाड्यात भूमिहीनांनी, विशेषतः दलित कुटुंबांनी, गायरानावर वस्ती करण्याला मोठा इतिहास आहे; दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्याचाच एक टप्पा. १९९१ च्या शासन-निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची काही अतिक्रमणे मान्य केली. पुढे २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात सार्वजनिक गावजमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध निर्णय दिला, त्याच वर्षी राज्याने गायरान-वाटपास बंदी केली, आणि २०१८ मध्ये, सर्वांसाठी घरे ह्या धोरणाच्या निमित्ताने, १ जानेवारी २०११ पूर्वीची शासकीय जमिनींवरील निवासी अतिक्रमणे 'नियमानुकूल' करण्याची वाट काढली. एवढ्या वळणांत ज्या माणसाचे घर तेथेच उभे होते त्याच्यासाठी शब्द मात्र एकच राहिला : 'अतिक्रमणधारक'. ह्या समासातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जो धारक आहे, म्हणजे ज्याचा ताबा आहे, त्याच्या ताब्याचे नाव मर्यादा ओलांडणे असे ठेवले आहे. तो स्वतः म्हणतो 'आमची जागा', आणि ह्या दोन नामांच्या मधे कोठेतरी त्याचे घरकुल अडलेले असते. जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची साहाय्य योजना आहे. तिची मर्यादा आरंभी ५० हजार होती, ती पुढे १ लाख झाली. परभणी शहराच्या आसपास त्या रकमेत किती जागा मिळते, हे तेथे राहणाऱ्यास सांगावयास नको.

ह्या चिकित्सेतून निघणारी मागणी फार मोठी नाही. २०२५ मध्ये आवास प्लसची नवी पाहणी भ्रमणध्वनीवरून झाली. तीत कुटुंबाला स्वतः नोंद करण्याचीही सोय होती. माहिती देणारा जर घरातला मनुष्य असेल, तर प्रश्नही त्याच्या घराच्या भाषेत असले पाहिजेत. 'घर कच्चे आहे की पक्के?' ह्या प्रश्नाऐवजी तीन प्रश्न विचारावेत : भिंत कशाची आहे, वर काय आहे, आणि पत्रा असल्यास त्याच्या खाली काय आहे. खोल्या न मोजता खण मोजावेत, व एका छपराखाली चुली किती हे विचारावे. उत्तरांचे वर्गीकरण कार्यालयाने करावे. षष्ठीचे विशेषण करण्याचे काम पाहणीच्या वेळी, उंबऱ्यात उभे राहून, घाईने होऊ नये. जमिनीविषयी काळी की पांढरी एवढी एक नोंद घेतली, तर पायाच्या खर्चाचा निराळा हिशेब करण्यास आधार मिळेल.

ह्यासाठी लागणारा शब्दसंग्रह आज कोठेही सिद्ध नाही. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा व पालम ह्या नऊ तालुक्यांतून घर, छप्पर, भिंत, जोते, जागा व वाटणी ह्यांविषयीचे शब्द पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका वर्षात गोळा करावेत, हे काम आपल्या विभागाच्या आवाक्यातील आहे. प्रत्येक शब्दापुढे तो सांगणाऱ्याचे गाव, वय, आणि शक्य तेथे घराचे एक साधे रेखाचित्र असावे. त्यात छपराचा छेद अवश्य दाखवावा. जिंतूरच्या डोंगराळ भागातील कुडाच्या घरांपासून आरंभ केल्यास बरे, कारण ती घरे पावसाळ्याआधी पाहिली पाहिजेत.